गोळी देवळीत राहिली, रोग फडावर गेला

नवरात्र आले की तलवाड्यात त्वरितादेवीच्या दर्शनाला रीघ लागते. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत गाव कसे भरलेले असते. लेकीबाळी माहेरी येतात, पुण्या-मुंबईकडे गेलेली पोरे येतात. मग दसऱ्याचे सोने वाटून होते आणि दुसरीच लगबग सुरू होते. मुकादमाचा निरोप येतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोयते, ताडपत्री, गोधड्या, पिठाचे डबे, तवा, परात, एखादी शेळी आणि लहानगी पोरे चढतात. तलवाडा असो, गेवराई तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव असो, नाहीतर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची एखादी वाडी असो, हे दृश्य आपल्याला नवीन नाही.

या सामानात काय काय राहून जाते याची यादी कोणी करीत नाही. मी एकच वस्तू सांगतो. देवळीत ठेवलेले गोळ्यांचे पाकीट.

आपल्याच भागातील एका घराची ही गोष्ट. नाव सांगत नाही, कारण असे घर बहुतेक गावांत निघेल. नवरा पंचेचाळिशीचा, बायको चाळिशीची. श्रावणात सरकारी दवाखान्यात त्याचे बीपी वाढलेले निघाले. महिन्याच्या गोळ्या मिळाल्या, त्याने खाल्ल्या. दुसऱ्या महिन्याच्याही खाल्ल्या. दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा बायको म्हणाली, "अवं, त्या गोळ्या घ्या की संगं." तो म्हणाला, "आता काय व्हतंय मला? डोकं बी दुखत न्हाई." पौष महिन्यात पहाटे मोळी उचलताना त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचा गेली. जोडीतला एक माणूस पडला म्हणजे कोयता मोडला. उचल फिटायची राहिली. दवाखान्यासाठी नवे कर्ज झाले आणि थोरल्या मुलाची शाळा सुटली. इकडे घर उघडले तेव्हा देवळीत गोळ्यांचे पाकीट जसेच्या तसे होते.

वाचकहो, या माणसाला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण त्याला गोळी देताना 'ही किती दिवस घ्यायची' हे कोणी नीट समजावले होते का? तो सहा महिने परमुलखात जाणार आहे, हे कोणी विचारले होते का? आणि गावाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, जाताना त्याची काय चौकशी केली? आजचे लिहिणे त्यासाठी आहे. रक्तदाब डॉक्टर सांभाळत नाही. डॉक्टर महिन्यातून एकदा पाच मिनिटे भेटतो. उरलेले एकोणतीस दिवस रोग तुमच्या घरात, तुमच्या ताटात आणि तुमच्या खिशात असतो. तो ज्याचा त्यानेच रोजच्या रोज सांभाळायचा असतो. मात्र आपल्या भागात घरच पाच-सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात जाते. म्हणून रोग्याने काय करावे हे सांगताना गावाने काय करावे हेही सांगितले पाहिजे.

पाइपलाइनचा हिशेब

शेतकऱ्याला रक्तदाब समजावून सांगायला फार शास्त्र लागत नाही. विहिरीवर मोटर चालू आहे आणि पुढे वॉल्व्ह आवळलेला आहे. पाणी थांबत नाही, पाइपात दाब वाढत जातो. पहिल्या दिवशी काही होत नाही, महिनाभरही होत नाही. एक दिवस मात्र कुठलातरी जुना जोड फुटतो आणि नेमका रात्री फुटतो. आपले हृदय ही मोटर आणि रक्तवाहिन्या हे पाइप. दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला की मेंदूतली नळी फुटते किंवा तुंबते, हृदय थकते, मूत्रपिंड निकामी होते, डोळ्यांचा पडदा खराब होतो.

मोजताना दोन आकडे सांगतात. वरचा आकडा हृदय आवळते तेव्हाच्या दाबाचा, खालचा ते सैल पडते तेव्हाच्या दाबाचा. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा 140 किंवा खालचा 90, अथवा त्याहून जास्त येत राहिला तर तो उच्च रक्तदाब. एकदाच जास्त आला म्हणून घाबरू नये आणि एकदाच बरा आला म्हणून सुटलोही समजू नये.

सगळ्यात घातक समजूत ही की बीपी वाढले तर डोके दुखेल, चक्कर येईल, आपल्याला कळेल. बहुतेकांना काहीच कळत नाही. कापसावर बोंडअळी आत शिरते तेव्हा बोंड बाहेरून हिरवेगार दिसते, तसेच हे. मोजल्याशिवाय दिसत नाही.

हा शहरातल्या खुर्चीवाल्यांचा रोग, असे म्हणण्याचे दिवसही गेले. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 वर्षांवरील पुरुषांत 24 टक्के आणि स्त्रियांत 21 टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे चावडीवर पाच जण बसले असतील तर त्यात एक धरून चाला. आपल्याच राज्यात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यापाड्यांतील मृत्यूंची कारणे तपासली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर सात मृत्यूंपैकी सुमारे एक अर्धांगवायूने झालेला निघाला. गडचिरोलीच्या त्या गावांत खुर्चीवर बसून खाणारे कितीसे असणार? आणि अर्धांगवायूचे सर्वांत मोठे कारण म्हणजे न सांभाळलेला रक्तदाब.

गोळी पाण्याच्या पाळीसारखी

तापाची गोळी पाच दिवस खाल्ली, ताप गेला, गोळी थांबली. बीपीच्या गोळीचे तसे नाही. उसाला एक पाळी दिली म्हणून वर्षभराचे पाणी होत नाही. पाळी चुकली की ऊस सुकतो. गोळी चालू आहे म्हणून बीपी नीट आहे. ती थांबली की काही दिवसांत दाब पुन्हा होता तिथे जातो. "मोजलं, नॉर्मल आलं, म्हनून बंद केली" हे वाक्य आपण दररोज ऐकतो. नॉर्मल आले ते गोळीमुळे आले. काहींची गोळी वजन आणि मीठ कमी केल्यावर कमी होऊ शकते. पण ते डॉक्टरने मोजून ठरवायचे, आपण मनाने नव्हे.

दुसरी समजूत, "गोळीची सवय लागती." ही गोळी नशेची नव्हे. रोज लागते कारण रोग रोजचा आहे. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी वाचणे सोडत नाही.

तिसरी गोष्ट उसनवारीची. शेजारणीची गोळी आपल्याला चालते असे नाही. सरकारी दवाखान्यात बहुधा अॅम्लोडिपीन किंवा टेल्मिसार्टन यांपैकी गोळी मिळते, पण कोणाला कोणती आणि किती, हे वय, मधुमेह, मूत्रपिंड पाहून ठरते. गरोदर बाईला तर यांतल्या काही गोळ्या बाळासाठी घातक असतात. टेल्मिसार्टन ही त्यांतलीच एक. गरोदरपणी बीपी वाढणे हा वेगळा आणि मोठा धोका आहे. सातव्या-आठव्या महिन्यात डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर सूज येणे असे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कोणाला गोळीने घोट्यावर सूज येते, कोणाला कोरडा खोकला येतो. तसे झाले तर गोळी फेकू नका, डॉक्टरला सांगा. दुसरी गोळी मिळते. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन खाऊ नका, नेहमीची एकच घ्या. आणि विसरू नये म्हणून गोळीची गाठ रोजच्या कामाशी मारा. कोणी दात घासल्यावर घेते, कोणी म्हैस पिळून आल्यावर. एकादशीलाही घ्यायची, चतुर्थीलाही घ्यायची. गोळीने उपास मोडत नाही.

आता फडावरची एक गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, डोक्यावर मोळ्या वाहायच्या, त्यामुळे रोज संध्याकाळी अंगदुखीची गोळी घ्यायची सवय बायाबापड्यांना लागते. दुकानदार सुट्टी गोळी देतो, पाच-दहा रुपयांत अंग हलके होते. पण डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या गोळीचा जोर कमी करतात आणि पाणी कमी पिणाऱ्याचे मूत्रपिंड खराब करतात. म्हणजे एका हाताने वॉल्व्ह उघडायचा आणि दुसऱ्याने आवळायचा. बीपी असणाऱ्याने अंगदुखीसाठी कोणती गोळी घ्यावी, हे डॉक्टरला आधीच विचारून ठेवावे.

मिठाचा पुडा आणि तारीख

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एक लहान चमचा, तोही सपाट. यात भाजी, आमटी, लोणचे, पापड, फरसाण, सगळे आले. आता घरचा हिशेब मांडा. घरात मोठी पाच माणसे असतील तर दिवसाला 25 ग्रॅम, महिन्याला पाऊण किलो. किलोचा पुडा चाळीस दिवस पुरला पाहिजे. उद्या नवा पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. जनावरांचे मीठ आणि लोणच्याचे मीठ वेगळे धरा. पुडा वीस-बावीस दिवसांत संपला तर घरात काय चालले आहे ते कळेल. डॉक्टरने दहा वेळा सांगण्यापेक्षा ही तारीख जास्त शिकवते.

"घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच की," असे कोणी म्हणेल. खरे आहे, घामावाटे मीठ जाते. पण भाकरीवर ठेचा, त्यावर लोणच्याची फोड, दुपारी शेव-चिवडा आणि रात्री झणझणीत कालवण एवढे पोटात गेल्यावर गेलेले मीठ भरून निघून वर उरते. उन्हात कमी पडते ते बहुधा पाणी. वैशाखात काम करताना उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर दवाखान्यात मोजून घ्या, गोळीचे प्रमाण बदलावे लागेल. घरच्या घरी मीठ-पाणी पिऊन इलाज करू नका.

ठेचा सोडा असे मी सांगणार नाही. सांगितले तरी कोण ऐकणार! पण ठेच्यात मीठ निम्मे करून शेंगदाणा, लसूण, लिंबू वाढवता येते. ताटात वरून मीठ वाढणे बंद करता येते. भाकरीच्या पिठात मीठ घालायची सवय असेल तर ती मोडता येते. तीन-चार आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते. सैंधव किंवा काळे मीठ खाल्ले की चालते, ही समजूत खोटी. तेही मीठच. उपासाचे शेंगदाणे आणि वेफर्स यांतही मीठ भरपूर असते.

चीनमध्ये 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. अर्ध्या गावांना नेहमीचे मीठ आणि अर्ध्या गावांना ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियमचा क्षार मिसळला आहे असे मीठ दिले. साधारण पाच वर्षांनी, 2021 साली, निकाल जाहीर झाला. बदललेले मीठ खाणाऱ्यांत अर्धांगवायू 14 टक्क्यांनी कमी झाला. कमी सोडियमचे असे मीठ आपल्याकडेही मिळते, पण महाग पडते. शिवाय मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्याने ते डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्याला ते परवडत नाही त्याने नेहमीचेच मीठ कमी करावे. त्याला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. पोटॅशियम तर आपल्या शेतातही आहे. शेवगा, पालक, केळी, मोसंबी, तूर, मूग. बागेतली मोसंबी बाजारात पाठवताना दोन घरात राहू द्या.

तंबाखू, दारू आणि चालणे

गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे आपल्याला माहीत आहे. बायकांची मिश्री तर व्यसनात कोणी धरतच नाही. तंबाखू कोणत्याही वाटेने पोटात जावो, तेवढ्या वेळेपुरता दाब वाढतोच आणि हृदयाचा धोका कायमचा वाढतो. बीपीची गोळी आणि तंबाखूची पुडी एकाच खिशात ठेवणाऱ्याने आपण काय करतो आहोत याचा विचार करावा. दारूचेही तेच. रोज पिणाऱ्याचा दाब गोळीला जुमानत नाही.

व्यायामाबद्दल दोन वेगळी माणसे धरून बोलले पाहिजे. जो बारा तास राबतो त्याला "रोज अर्धा तास चाला" असे सांगणे ही चेष्टा आहे. त्याला झोप आणि विसावा हवा. पण गावात दुसरी जमात वाढली आहे, त्यात आम्ही लिहिणारेही आलो. दुकानदार, मास्तर, ग्रामपंचायत अधिकारी, सोसायटीचे सचिव, पुढारी. हाकेच्या अंतरावर जायलाही मोटारसायकल लागते, सकाळपासून चौथा चहा, सोबत बिस्कीट, पोटाचा घेर वाढलेला. या मंडळींनी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास तरी भरभर चालावे. देवीचे दर्शनही वर्षातून एकदा कशाला? अंगाला झेपेल तसे, डॉक्टरला विचारून, महिन्यातून चार वेळा वर जावे. पुण्यही लागेल.

दुधाची वही आहे, रक्ताची नाही

डेअरीत दूध घालणारा रोज वहीत लिटर आणि फॅट लिहून घेतो. पॉइंट एकाने कमी आला तर भांडतो. त्याच माणसाला "तुमचं बीपी मागच्या महिन्यात किती होतं?" विचारले तर म्हणतो, "थोडं वाढलंय म्हनले." थोडे म्हणजे किती? आकडा विचारून घ्या आणि साध्या वहीत तारखेसह लिहा. तो आकडा तुमचा आहे, दवाखान्याचा नव्हे.

मोजण्याचीही रीत आहे. मोटारसायकलवरून उतरून लगेच मोजू नये. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, बिडी नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. दंड उघडा, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजावे. शर्टाच्या बाहीवरून घाईत मोजलेले बीपी हे पोते न उघडता केलेल्या कापसाच्या भावासारखे.

वरचा आकडा 180 किंवा खालचा 120 याच्या पुढे गेला आणि त्याबरोबर छातीत दुखणे, धाप लागणे, डोळ्यांना न दिसणे असे काही असेल तर वाट पाहू नये. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, जीभ अडखळली, यातले एक जरी अचानक झाले तरी 108 ला फोन करून थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे. मेंदूतली गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा फोटो काढावा लागतो. कबुतराचे रक्त चोळण्यात, मंत्र घालण्यात जो तास जातो तोच तास हातपाय वाचवणारा असतो.

फडावर जाताना

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतले त्यांच्याकडे वळतो. कोयता घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाने चार गोष्टी कराव्यात. पहिली, निघण्याआधी आठवडाभर दवाखान्यात जाऊन मोजावे आणि "मी सहा महिने बाहेर चाललो" असे स्पष्ट सांगावे. मिळतील तेवढ्या जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात. दुसरी, केसपेपर आणि गोळीच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. नाव वाचता येत नसले तरी फोटो दाखवता येतो. तिसरी, गोळ्या कोपीत वर टांगलेल्या डब्यात ठेवाव्यात, जिथे पाणी आणि पोरांचा हात पोचणार नाही. चौथी, गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. तो सांगलीचा असो, सोलापूरचा असो, "तुमी इथले न्हाईत" म्हणून रोग्याला परत पाठवायचा त्याला अधिकार नाही.

यात एक योगायोग सांगण्यासारखा आहे. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी रक्तदाब नियंत्रणाचा एक देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात आपल्या राज्यातले चार जिल्हे होते: सातारा, वर्धा, भंडारा आणि सिंधुदुर्ग. त्याची रीत साधी. ठरलेल्या थोड्याच गोळ्या, त्यांचा साठा कधी संपू द्यायचा नाही, महिन्याच्या गोळ्या घराजवळच्या उपकेंद्रात द्यायच्या, न आलेल्या रोग्याला शोधून बोलवायचे आणि प्रत्येकाची नोंद ठेवायची. 2022 पर्यंत या कार्यक्रमात देशभर 34 लाखांहून अधिक लोक उपचार घेत होते आणि जवळपास निम्म्यांचा दाब ताब्यात होता. त्या वर्षी त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. यातला सातारा जिल्हा आपल्या टोळ्यांच्या ओळखीचाच. म्हणजे ज्या मुलखात ही रीत आधी रुजली तिथल्या फडातच आपला माणूस गोळीवाचून राहतो. तिथल्या दवाखान्याला तो माहीत नाही आणि त्याला तो दवाखाना माहीत नाही. मध्ये एक चिठ्ठी हवी, एवढेच.

ग्रामपंचायतीने काय करावे

2019 साली ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याच्या बातम्यांनी आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर फडावर जाणाऱ्या बायांची जाण्याआधी आणि आल्यावर तपासणी करण्याची पद्धत सुरू झाली. चांगले झाले. पण तपासणी म्हणजे यादीत टिक मारणे नव्हे. त्या दिवशी बाई आणि पुरुष, दोघांच्याही दंडाला पट्टा लागला पाहिजे, आकडा कागदावर त्यांच्या हातात पडला पाहिजे आणि ज्याला गोळी लागते त्याला सोबत गोळी मिळाली पाहिजे. नुसते "बीपी आहे तुम्हाला" असे सांगून ट्रॉलीत बसवले तर त्याच्या डोक्याला घोर लावल्याशिवाय काही साधले नाही.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती अशी. नवरात्राआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. बीपीचे चांगले यंत्र साध्या मोबाइलपेक्षा महाग नाही, ते ग्रामपंचायतीत ठेवा आणि आठवड्याच्या बाजारादिवशी आशाताईंना बसवून मोजायला लावा. तिशीच्या पुढच्यांची तपासणी हे सरकारच्या कार्यक्रमातच आहे, त्यासाठी वेगळा हुकूम नको. जाणाऱ्या टोळ्यांची यादी मुकादमांकडून घ्या, गोळी चालू असलेल्यांची नावे वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या, तीन महिन्यांच्या गोळ्या मागा. गोळ्या शिल्लक नाहीत असे उत्तर आले तर ते लेखी घ्या आणि वर पाठवा. आणि मुकादमांनो, उचल देताना सही घेता, तेव्हा एवढे विचारा, "गोळ्या घेतल्या का?" यात माणुसकी आहेच, पण हिशेबही आहे. माणूस पडला तर तुमचीही उचल बुडते.

अशिक्षित बायांना हे जमेल का, असे विचारणाऱ्याने आपल्या शिवेपलीकडे जामखेडला बघावे. 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथल्या खेड्यांतील, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांनी ते असे केले की जगभरातून लोक शिकायला आले. पाटोदा-आष्टीच्या लोकांना हे काम नवीन नाही. मग आपल्या आशाताईंना, ज्या शिकलेल्या आहेत, का जमणार नाही?

शेवटी पुन्हा त्या घराकडे येतो. ती बाई आता गावात रोजंदारी करते आणि नवऱ्याला भरवते. देवळीत आता नवे पाकीट असते आणि ते रोज उघडले जाते, कारण दुसरा झटका येऊ नये म्हणून डॉक्टरने तेच सांगितले आहे. जी गोळी तो आज घेतो, तीच त्याला दोन वर्षांपूर्वी मिळालेली होती.

या दसऱ्याला तुमच्या गल्लीतून ट्रॉली निघेल. सोने द्यायला जाल तेव्हा घराच्या देवळीवर एक नजर टाका. पाकीट दिसले तर हाक मारून सांगा, "अवं पाव्हणं, हे राहिलं की तुमचं."